गिटार आणि रॉक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा वार्षिक कार्यक्रम कसा बसवावा

संगीतवर्गाचा वार्षिक कार्यक्रम म्हटला की आपल्याकडे अजूनही पेटी, तबला, तानपुरे आणि मंचावर अंथरलेली सतरंजी हेच चित्र डोळ्यांपुढे येते. त्या कार्यक्रमाची घडी पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहे. कोणी कुठे बसायचे, साथीला कोण घ्यायचे आणि माइक किती लावायचे, हे कोणाला सांगावे लागत नाही. वर्गात इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम आले की मात्र ही घडी मोडते. महिनोन्‌महिने नीट वाजवणारी मुले मंचावर गोंधळतात, पालक कानांवर हात ठेवतात आणि शिक्षक विंगेत उभे राहून हातवारे करत राहतात. बहुतेक वेळा दोष मुलांच्या तयारीचा नसतो. मंचावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःचे वाजवणे ऐकूच येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते सुरात किंवा लयीत वाजवता येत नाही. म्हणून गाण्याची निवड, सभागृह, ध्वनियंत्रणा आणि तालीम यांविषयीचा प्रत्येक निर्णय घेताना, यामुळे विद्यार्थ्याला आपले वाद्य अधिक स्पष्ट ऐकू येईल की कमी, हा एकच प्रश्न विचारावा. पुढील सूचना तीस-पस्तीस विद्यार्थ्यांचा वर्ग आणि दीडशे खुर्च्यांचे सभागृह डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत.

गाणे निवडताना

निवड तीन महिने आधी व्हावी आणि ती विद्यार्थ्याच्या आजच्या पातळीपेक्षा एक पायरी खालची असावी. वर्गात दहापैकी सात वेळा जमणारी गोष्ट मंचावर जमेलच असे नाही. झोपेतून उठवले तरी वाजवता येईल तेवढेच मंचासाठी घ्यावे. पालकांना आणि खुद्द विद्यार्थ्यालाही हे पटवणे अवघड जाते, कारण प्रत्येकाला अवघड सोलो वाजवून दाखवायची हौस असते. येथे शिक्षकाने ठाम राहावे. लयीचेही तसेच आहे. घाबरलेला हात नेहमी धावतो, त्यामुळे मेट्रोनोमवर १०४च्या लयीला बसलेले गाणे तालमीत ९६ला पक्के करावे. कार्यक्रमाच्या दिवशी ते आपोआप १०४च्या आसपास जाते.

समूहासाठी गाणे निवडताना एकाच गाण्याचे तीन थर लिहून काढणे सोयीचे असते. सहा महिने शिकलेला विद्यार्थी प्रत्येक कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) फक्त मूळ स्वर जाड तारेवर वाजवेल, वर्षभर शिकलेला मोकळ्या तारांच्या कॉर्ड धरेल आणि तिसरा मधली धून वाजवेल. अशा रचनेत कोणी मागे पडत नाही आणि पहिल्या फ्रेटवरची (गिटारच्या मानेवरच्या पहिल्या घरातली) एफ कॉर्ड दाबता येत नाही म्हणून कोणाला गाळावेही लागत नाही. दोनपेक्षा अधिक गिटार डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम) लावून एकाच जागी एकच कॉर्ड वाजवू लागल्या, तर ऐकणाऱ्याला नुसता गरगराट ऐकू येतो. तिसरी गिटार घ्यायचीच असेल, तर तिला कॅपो (सर्व तारा एकाच फ्रेटवर दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून वरच्या फ्रेटवर आणि स्वच्छ आवाजात वाजवू द्यावे.

गाणाऱ्याचा सूर हा सर्वांत जास्त दुर्लक्षित विषय आहे. गिटार वाजवणाऱ्याला ई आणि ए हे सूर सोयीचे असतात, पण बारा वर्षांच्या मुलीचा गळा त्यांच्या सोयीने चालत नाही. गाणारी मुलगी आधी शास्त्रीय शिकलेली असेल आणि काळी एकमध्ये (सी शार्पमध्ये) गात असेल, तर तिला तिच्या सुरात गाऊ द्यावे. गिटारने पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीच्या आकाराच्या कॉर्ड धराव्यात किंवा चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून एच्या आकाराच्या धराव्यात. दोन्हींनी सूर तोच मिळतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज तीन महिन्यांत फुटू शकतो, म्हणून त्यांचा सूर शेवटच्या महिन्यात पुन्हा तपासावा. समूहात पेटी असेल, तर गिटार पेटीशी जुळवावी. पेटीचे सूर मंचावर बदलता येत नाहीत आणि जुन्या पेट्या ४४० हर्ट्‌झच्या प्रमाणाला नेमक्या लागलेल्या असतीलच असे नाही. रॉक गाण्यांचे शब्दही शिक्षकाने आधी स्वतः वाचावेत. पहिल्या रांगेत आजी बसलेल्या असतात आणि आजकालच्या आज्यांना इंग्रजी उत्तम कळते.

जागा, वेळ आणि परवानग्या

सभागृह पाहायला जाताना टाळी वाजवून पाहावी. फरशी, उघड्या भिंती आणि पत्र्याचे छत असलेल्या जागेत टाळीचा आवाज बराच वेळ घुमत राहतो. तेथे ड्रम वाजले की एकही शब्द कळणार नाही. पडदे, गादीच्या खुर्च्या आणि लाकडी मंच असलेले लहान सभागृह मोठ्या मंगल कार्यालयापेक्षा केव्हाही चांगले. श्रोते बसले की घुमणे थोडे कमी होते, पण त्यावर विसंबू नये.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवता येते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी आहे. बंद सभागृहाला या रात्रीच्या बंदीतून सूट असली, तरी आवाज बाहेर जाणार असेल तर ती सूट शेजाऱ्यांच्या तक्रारीपुढे फारशी उपयोगी पडत नाही. हा विषय किती गंभीर आहे हे मुंबईतल्या जुन्या रॉक श्रोत्यांना ठाऊक आहे. १९८६ साली ज्या धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाले, ते खुले नाट्यगृह या नियमांनंतर शांतता क्षेत्रात गणले गेले आणि तेथील रॉकचे कार्यक्रम थांबले. आपल्या छोट्या कार्यक्रमासाठी संध्याकाळी ५.३० ते ८ ही वेळ धरावी, खुल्या जागेत ध्वनिवर्धक लावणार असल्यास स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी लेखी घ्यावी आणि शेजारच्या इमारतीत एक दिवस आधी स्वतः जाऊन सांगून यावे.

दुसऱ्याने रचलेली गाणी वाजवण्याबाबत स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ५२मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमांसाठी सवलत आहे. शिक्षक आणि विद्यार्थी यांनी सादर केलेला आणि विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित मंडळींपुरता मर्यादित असलेला कार्यक्रम तीत बसतो. हौशी मंडळाने पैसे न घेता केलेल्या सादरीकरणासाठीही त्याच कलमात तरतूद आहे. तिकीट लावले, प्रायोजक आणले किंवा कार्यक्रम सर्वांसाठी खुला केला की प्रश्न बदलतो आणि परवान्याची चौकशी करावी लागते. चित्रफीत इंटरनेटवर टाकणे ही वेगळीच बाब आहे. तिला ही सवलत आपोआप लागू होते असे समजू नये.

ध्वनीची व्यवस्था

मुख्य काम येथे आहे आणि सर्वांत जास्त चुकाही येथेच होतात.

ड्रम हे असे वाद्य आहे की त्याला आवाज कमी करायची कळ नसते. बारा वर्षांचा मुलगा उत्साहात ड्रम वाजवू लागला की गिटारवाले आपापले ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी स्पीकरयंत्रे) वाढवतात, मग गाणाऱ्याचा माइक वाढतो, मग माइक शिट्टी मारू लागतो आणि पाच मिनिटांत सभागृह असह्य होते. म्हणून आवाज ठरवण्याची सुरुवात ड्रमपासून करावी. लहान सभागृहात इलेक्ट्रॉनिक ड्रम वापरावेत. ते नसतील तर बारीक काड्यांची जुडी असलेल्या स्टिक वापराव्यात किंवा हळुवार गाण्यांना कखोन (बसून हाताने वाजवायचे खोक्यासारखे तालवाद्य) घ्यावे. ड्रमखाली जाड सतरंजी अंथरावी आणि मोठ्या बास ड्रमपुढे वाळूची पिशवी ठेवावी, नाहीतर तो प्रत्येक ठोक्यासरशी श्रोत्यांच्या दिशेने सरकत जातो.

गिटारचा ॲम्प सरळ रेषेत आवाज फेकतो. तो जमिनीवर ठेवला की आवाज वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांवर जातो, त्याच्या कानांना तो कमी वाटतो आणि पहिल्या रांगेतल्या पालकांना मात्र तो सुरीसारखा टोचतो. १५ ते ३० वॉटचा ॲम्प पुरेसा असतो. तो खुर्चीवर ठेवून थोडा मागे कलवावा आणि वाजवणाऱ्याच्या मागे सहा-सात फुटांवर असा ठेवावा की आवाज त्याच्या कानांकडे येईल. एवढ्या एका बदलाने निम्मे प्रश्न सुटतात. घरी एकट्याने वाजवताना मुले मधल्या पट्टीचे स्वर कमी करून जाड आणि तीक्ष्ण आवाज वाढवतात, कारण तसे ऐकायला भारी वाटते. समूहात तो आवाज बास आणि झांजांमध्ये हरवून जातो, आणि मुलगा ‘माझी गिटार ऐकूच येत नाही’ म्हणतो. त्याला आवाज वाढवू न देता मिडची कळ वर करायला आणि डिस्टॉर्शनचे गेन (त्याची तीव्रता) घरच्यापेक्षा कमी ठेवायला सांगावे.

अकूस्टिक गिटारला पिकअप (तारांचा आवाज विजेच्या संकेतात बदलणारा भाग) असेल तर ती डीआय बॉक्समधून (गिटारचा संकेत मिक्सरला योग्य करून देणाऱ्या डबीतून) मिक्सरला जोडावी, आणि तिच्यातली ९ व्होल्टची बॅटरी त्याच आठवड्यात नवी टाकावी. पिकअप नसेल तर माइक भोकाच्या थेट समोर लावू नये; तेथून नुसता घुमणारा बास येतो. बाराव्या फ्रेटकडे रोखलेला माइक चांगला आवाज देतो. गाणाऱ्याला तोंडाजवळ धरण्याचा साधा डायनॅमिक माइक द्यावा. शूअरचा एसएम५८ १९६६पासून याच कामासाठी जगभर वापरला जातो आणि आपल्याकडच्या बहुतेक साउंडवाल्यांकडे तो असतो.

साउंडवाल्यांशी बोलताना आदराने पण लेखी बोलावे. त्यांचा हात लग्नांच्या आणि उत्सवांच्या आवाजाला बसलेला असतो. किती माइक, किती डीआय, कोण कुठे उभे राहणार आणि कोणत्या गाण्याला काय लागणार, हे एका कागदावर काढून आठवडाभर आधी द्यावे. तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. निवेदकाच्या आणि गायकाच्या माइकवर इको नको. मुलांना स्वतःचा आवाज ऐकू येईल असे किमान दोन मॉनिटर स्पीकर मंचावर हवेत. आणि एकदा ठरलेला आवाज कार्यक्रमाच्या मध्यात वाढवायचा नाही, मग आयोजकांपैकी कोणी येऊन सांगितले तरी.

विजेच्या बाबतीत तडजोड करू नये. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग सदोष असेल आणि ॲम्प व मिक्सर वेगवेगळ्या जागी जोडलेले असतील, तर गिटार हातात धरून माइकला ओठ लागताच शॉक बसू शकतो. सर्व ध्वनिसामग्री एकाच ठिकाणाहून वीज घेईल आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा गळतीरोधक ब्रेकर असेल, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. गुणगुण कमी होते म्हणून कोणी प्लगची तिसरी पिन काढून ठेवली असेल, तर तो ॲम्प मंचावर येऊ देऊ नये. परदेशातून आणलेला ११० किंवा १२० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की जळतो. त्याला योग्य वॉटेजचा उतरता ट्रान्सफॉर्मर लागतो. मंचावरचे मंद होणारे दिवे आणि ध्वनी यांची लाइन वेगळी ठेवावी, नाहीतर सिंगल कॉइल पिकअपच्या गिटार दिवे मंदावले की मधमाश्यांसारख्या गुणगुणू लागतात.

तालीम

शेवटच्या महिन्यातल्या तालमी गाणे शिकवण्यासाठी नसतात, न थांबता वाजवण्यासाठी असतात. चुकले की थांबून पुन्हा सुरू करण्याची वर्गातली सवय मोडायला वेळ लागतो. प्रत्येक गाण्यात तीन-चार भेटीच्या जागा ठरवाव्यात, बहुधा ध्रुवपदाची पहिली मात्रा. कोणी भरकटले तर त्याने वाजवणे थांबवावे, ड्रमकडे कान द्यावा आणि पुढच्या भेटीच्या जागेवर पुन्हा सामील व्हावे. तबला शिकलेल्या मुलांना ‘समेवर ये’ एवढे सांगितले तरी पुरते. ड्रमवाल्याला आणि बासवाल्याला मात्र कोणत्याही परिस्थितीत न थांबण्याची ताकीद असावी.

मंचावर येणे आणि जाणे यांचीही तालीम घ्यावी. ॲम्पचा आवाज शून्यावर, मग जॅक लावणे, मग आवाज वाढवणे, एक कॉर्ड तपासणे, एकमेकांकडे पाहणे आणि मोजणी; संपल्यावर तारा हाताने बंद करणे, वाकून नमस्कार, आवाज शून्यावर आणि मग जॅक काढणे. हा क्रम न शिकवलेला वर्ग श्रोत्यांना संध्याकाळभर स्पीकरचे धमाके ऐकवतो. इलेक्ट्रिक गिटारची केबल पट्ट्यातून ओवून मग जॅकमध्ये घालावी, म्हणजे पाय पडला तरी निसटत नाही. बसून सराव करणाऱ्याने शेवटचे तीन आठवडे उभ्याने सराव करावा. गिटार पट्ट्यावर लटकली की मनगटाचा कोन बदलतो आणि सवयीचे फ्रेट अचानक दूर वाटतात.

चाळिशीनंतर गिटार हाती घेतलेले विद्यार्थी हल्ली बहुतेक वर्गांत असतात. कार्यालयात शंभर लोकांपुढे सहज बोलणारी ही मंडळी मंचावर मुलांपेक्षा जास्त थरथरतात. त्यांना एकट्याने सुरुवातीला बसवू नये. दोन मुलांच्या समूहात ताल धरायला दिले की ती खुलतात आणि मुलांनाही ‘काका आपल्या बँडमध्ये आहेत’ याची गंमत वाटते.

क्रम

अठरा सादरीकरणे, प्रत्येकी चार मिनिटे, म्हणजे ७२ मिनिटे. मध्ये सतरा बदल आणि प्रत्येकी अडीच मिनिटे धरली तर आणखी सुमारे ४२ मिनिटे. दहा मिनिटांचे मध्यंतर आणि निवेदन धरता हा कार्यक्रम सव्वादोन तासांचा होतो. वेळ कमी करायचा असेल तर गाणी कापण्याआधी बदल कमी करावेत. प्रथम सर्व एकल अकूस्टिक गिटार एकाच खुर्चीवर आणि एकाच माइकवर, मग दोघे-तिघे, आणि मध्यंतरानंतर बँड, असा क्रम सामानाच्या दृष्टीने सर्वांत सोपा आहे. डावखुरा ड्रमवादक असेल तर सगळा संच उलटा मांडावा लागतो आणि त्याला दहा मिनिटे सहज जातात. त्याचा बँड मध्यंतरानंतर लगेच ठेवावा. बँडच्या मोठ्या बदलाच्या वेळी पडद्यापुढे एखादे नायलॉन तारांचे एकल वादन ठेवता येते.

आपल्या मुलाचे झाले की उठून जाणारे पालक ही सर्वत्र आढळणारी अडचण आहे. त्यावर रागावण्यापेक्षा सर्वांत लहान मुलांना दोनदा बोलवावे: एकदा सुरुवातीला एकल, आणि एकदा शेवटच्या सामूहिक गाण्यात. ते सामूहिक गाणे अकूस्टिक गिटारवर, तीन कॉर्डचे आणि संथ असावे.

त्या दिवशी

तारा तीन-चार दिवस आधी बदलाव्यात. नव्या तारा ताणत राहतात आणि नायलॉनच्या तारांना स्थिरावायला त्याहून जास्त दिवस लागतात. वातानुकूलित सभागृहात गिटार किमान अर्धा तास आधी पिशवीबाहेर काढून ठेवाव्यात, कारण बाहेरच्या दमट हवेतून आत आल्यावर सूर हलतो. विंगेत एका जाणत्या विद्यार्थ्याला क्लिपचा ट्यूनर देऊन फक्त एवढेच काम द्यावे की मंचावर जाणारी प्रत्येक गिटार त्याच्या हातून जुळवून जाईल. त्याच्याजवळ तारांचा जादा संच, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, कॅपो, पिक, दोन केबल आणि एक जुळवलेली जादा गिटार असावी. तार तुटली तर मंचावर तार बदलायची नाही, गिटार बदलायची.

ध्वनितपासणी कार्यक्रमाच्या उलट्या क्रमाने करावी. शेवटचा बँड आधी तपासला आणि पहिले एकल वादन सर्वांत शेवटी, म्हणजे पडदा उघडताना पहिल्या विद्यार्थ्याची खुर्ची आणि माइक जागेवर तयार असतात. प्रत्येक मांडणीच्या वेळी ॲम्पच्या कळांचा मोबाइलवर फोटो काढावा आणि जमिनीवर चिकटपट्टीने उभे राहण्याच्या जागा आखाव्यात. तपासणीत मुलांना विचारण्याचा प्रश्न ‘आवाज बरोबर आहे का?’ हा नव्हे, कारण त्याला ती नेहमी हो म्हणतात. ‘तुला तुझी गिटार ऐकू येते का, आणि गाणारा ऐकू येतो का?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

निवेदन दोन-दोन वाक्यांचे पुरे. नावांचे उच्चार आधी विचारून घ्यावेत, आणि ‘हा फक्त चार महिने शिकतो आहे, सांभाळून घ्या’ असे कोणाविषयीही म्हणू नये. अल्पोपाहार मध्यंतरात नको, शेवटी ठेवावा. वड्याच्या तेलकट बोटांनी गिटार वाजत नाही आणि तारा गंजतात त्या वेगळ्याच.

कार्यक्रम संपल्यावर केबल कोपर आणि अंगठ्याभोवती आवळून गुंडाळू नयेत, आतल्या तारा पिळून तुटतात. त्यांना त्यांच्या नैसर्गिक वळणाने सैल गुंडाळावे आणि मोजून पिशवीत टाकावे. खरखर करणाऱ्या केबलला तेथेच लाल चिकटपट्टी लावावी. ध्वनिमुद्रण आठवडाभर कोणालाही पाठवू नये. पुढच्या वर्गात ते सर्वांनी मिळून आधी चित्राविना ऐकावे आणि प्रत्येकाने, आपण स्वतःला कोणत्या गाण्यात ऐकू आलो नाही, तेवढे वहीत लिहून द्यावे. पुढच्या वर्षी साउंडवाल्यांना द्यायचा कागद त्या वह्यांवरून करता येतो.